भूप आणि मुदत ठेव

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसानं गाण्यावर लिहू नये, असं आमच्या सौभाग्यवतींचं ठाम मत आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे मला दोनच आवाज नक्की ओळखता येतात : एक नोटा मोजण्याच्या यंत्राचा आणि दुसरा मॅनेजरसाहेबांच्या बुटांचा. यात थोडी अतिशयोक्ती आहे. यंत्राच्या बाबतीत माझी अजून कधीकधी चूक होते.

तरीही आज मी एका ग्रामोफोन रेकॉर्डवर लिहायला बसलो आहे. किशोरी आमोणकरांची एच.एम.व्ही.नं काढलेली ती एल.पी. एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री. ज्यांच्या घरी ती होती त्यांना एवढं सांगितलं की पुरे. ज्यांच्या घरी नव्हती त्यांनी निदान 'सहेला रे' हे दोन शब्द तरी कुठे ना कुठे ऐकलेले असणारच. रेकॉर्ड निघाली त्याला आता पन्नासएक वर्षं होत आली. एवढ्या काळात आमच्या बँकेतली लेजरं गेली, टोकनं गेली, पितळी पिंजरे गेले. पण या रेकॉर्डवर जीव टाकणारी माणसं काही गेली नाहीत. उलट नवी जन्माला येताहेत. मृणाल पांडे यांनी तर आपल्या एका हिंदी कादंबरीचं नावच 'सहेला रे' ठेवलं.

मी समीक्षक नाही. मी बी.कॉम. आहे, आणि तेही दुसऱ्या वर्गात. पण समीक्षा म्हणजे तरी काय? जमा काय झालं, नावे काय पडलं आणि शेवटी शिल्लक काय राहिली, ते खोटं न बोलता मांडायचं. एवढं मला जमायला हरकत नाही. मुद्दा असा आहे की जी चीज ऐकणाऱ्याला पहिल्या फटक्यात काहीच देत नाही, उलट त्याच्याकडूनच वेळ, शांतता आणि गुडघेदुखी वसूल करते, तिच्यावर माणसं जन्मभर प्रेम का करतात?

हा प्रश्न मला पडला तो सडक अर्जुनीला. आमच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुन्या दोन. एक मोरगाव अर्जुनी, तिला रेल्वे आहे. दुसरी आमची, तिला सडक आहे, आणि कुणाला शंका राहू नये म्हणून ती तिनं नावातच लावून टाकली आहे. तरी शंका राहतेच. मी इथं रुजू व्हायला निघालो तेव्हा घरच्या मंडळींनी एकमतानं मला दुसऱ्या अर्जुनीच्या गाडीत बसवून दिलं होतं. सडक म्हणजे काही साधीसुधी नव्हे. मुंबईकडून कोलकात्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आहे. रात्री खाटेवर पडल्या पडल्या देशाचा निम्मा व्यापार कानावरून जातो. सडक सोडून दोन्ही बाजूंना आत वळलं की मात्र धानाची शेतं आणि मामा तलाव. (मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे, 'माजी मालगुजारी'. मालगुजार गेले, तलाव राहिले, आणि सरकारी लघुरूपामुळे त्यांचा मामा झाला.) मुलांच्या शाळेपायी बिऱ्हाड नागपूरलाच ठेवलं. मी एकटा इथं आलो तो एक वळकटी, एक शेगडी आणि ती रेकॉर्ड घेऊन. प्लेअर नाही, नुसतीच रेकॉर्ड. म्हणजे खातं केव्हाच बंद झालेलं, पण पासबुक जपून ठेवलंय, त्यातला प्रकार.

रेकॉर्ड बाबांची. बाबा पोस्टात होते. माझ्या जन्माआधी कधीतरी त्यांनी ती घेतली. दर रविवारी दिवेलागणीनंतर ती लागायची. भूप हा रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग, त्यामुळे सूर्य बुडाल्याशिवाय बाबा सुई टेकवत नसत. नागपूरच्या उन्हाळ्यात सूर्यालाही घरी जायची घाई नसते. त्या दिवसांत आमची जेवणं साडेनवाला व्हायची. ऐकायला बाबांचे तीन मित्र येत. त्यांतले एक डोळे मिटून ऐकत, एक मान हलवून ऐकत, आणि तिसरे घोरत. पण घोरणारे काकासुद्धा एकही रविवार चुकवत नसत. घरात त्या वेळी बोलायचं नाही, पंखा मोठा करायचा नाही, कुकर लावायचा नाही. शिट्टी भूपात बसत नाही, असं बाबांचं म्हणणं. यावर आई म्हणायची, "डाळ पण भूपात शिजत नाही."

मला त्या भूपाचा मनापासून राग होता. एक तर तो सुरू झाला आहे हेच कळायचं नाही. तानपुरा वाजतोय, तबला चाललाय, बाई एक सूर लावताहेत, आणि पुढे काय, तर तोच सूर. मग त्याच्या शेजारचा. मग परत तोच. बँकेच्या खिडकीशी रांग लागावी आणि आतल्या माणसानं शांतपणे पेनाचं टोपण उघडून बघावं, लावावं, पुन्हा उघडावं, तसं मला वाटायचं. शेवटी एकदाचं 'सहेला रे' यायचं. तबला जरा चालायला लागायचा, चाल गुणगुणण्यासारखी व्हायची आणि माझ्याही जिवात जीव यायचा. 'सहेला' आलं म्हणजे जेवण जवळ आलं, हा संबंधही होताच. माझी साधी मागणी होती : चांगला भाग जर शेवटी आहे, तर सुई तिथूनच का टेकवत नाहीत?

नऊ वर्षांचा असताना एका दुपारी घरी कुणी नसताना मी हा प्रश्न स्वतःच सोडवायचं ठरवलं. सिनेमाच्या रेकॉर्डवर दोन गाण्यांमध्ये एक रुंद खाच असते. इथं तशी खूण नव्हती, कारण बडा ख्याल संपून मध्यलय सुरू होताना बाई थांबतच नाहीत. मी अंदाजानं हात फिरवला, हात थरथरला, आणि सुई करकरत आडवी गेली. त्या रविवारी सगळे बसले. भूप नेहमीसारखा चालला. बडा ख्याल संपत आला, मित्रमंडळी जरा सावरून बसली, आणि जिथं 'सहेला' उगवायचं नेमकं तिथं 'टक्' असा आवाज झाला आणि सुई पुढे उडाली. ओळीची सुरुवातच गेली. मी दाराआड उभा होतो. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या फेरीच्या आत त्यांनी, जेवढं उडालं होतं तेवढं, स्वतःच्या आवाजात म्हणून घेतलं आणि पुन्हा ऐकायला लागले.

बाबांना गळा नव्हता. पोस्टातल्या शिक्क्यासारखा आवाज होता त्यांचा, ठप्प. पण त्या दिवसापासून दर रविवारी त्या जागी किशोरीताई थांबत आणि बाबा गात. मोठा झाल्यावर मी पहिल्या पगारात नवी प्रत आणून देतो म्हटलं, तर म्हणाले, "हीच बरी आहे." पुढे कॅसेटा आल्या, सीड्या आल्या, तेव्हाही हेच उत्तर. मी हिशेबाचा माणूस. एल.पी. मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. सुई तीन खाचा ओलांडत होती असं धरलं तर दर खेपेला ५.४ सेकंदांचा तुटवडा. वर्षाचे ५२ रविवार, अशी वीस वर्षं : एकूण १ तास ३३ मिनिटं ३६ सेकंद. एवढं किशोरी आमोणकरांचं गाणं मी माझ्या बापाचं बुडवलं. कॅशमध्ये पाच रुपये कमी आले तर आम्ही रात्री आठपर्यंत बसतो. ही तूट मात्र माझ्या नावावर तशीच पडून आहे.

आता रेकॉर्डकडे येऊ. भूप हा तसा गरीब राग. सात स्वरांपैकी मध्यम आणि निषाद त्याला चालत नाहीत. सा, रे, ग, प, ध एवढ्या पाचांत संसार करायचा. गाण्याच्या क्लासात पहिल्यावहिल्या रागांत तो शिकवतात, त्यामुळे प्रत्येक चाळीत कुणीतरी मुलगी पेटीवर भूप वाजवत असते आणि शेजारचे तिच्या लग्नाची वाट पाहत असतात. शिवाय शेजारीच देशकार बसलेला. स्वर तेच पाच, पण जोर धैवताकडे गेला की भूप संपला आणि देशकार झाला. दोन खातेदारांचं नाव, वडिलांचं नाव, गाव सगळं एक. फरक फक्त सहीत. भूपाची सही गंधारावर आहे.

अशा रागाला हात घालणारी बाई कोण? अल्लादियाखाँसाहेबांच्या जयपूर-अत्रौली घराण्यातली, मोगूबाई कुर्डीकरांची मुलगी आणि शिष्या. हे घराणं अनवट आणि जोड रागांसाठी, पेच पडतील अशा तानांसाठी नावाजलेलं. त्यांच्या तिजोरीत एकापेक्षा एक दुर्मिळ दागिने. तिथून या बाई उठतात आणि खिशातली पाच नाणी काढून चटईवर मांडतात. आणि मग घाई नाही. घराण्याच्या रिवाजाला सोडून त्या आलापात रेंगाळतात, अशी जुन्या जाणकारांची तक्रार होती. माझ्यासारख्याला घराण्याचं काय कळणार! पण रेंगाळतात हे शंभर टक्के खरं. त्या गंधारावर येतात, तिथं बसतात, निघाल्यासारखं करतात आणि पुन्हा बसतात. दर वेळी मात्र तो गंधार आधीचाच नसतो. खालून रिषभाला स्पर्शून आला की नम्र वाटतो, वरून पंचमावरून उतरला की थकून घरी आल्यासारखा वाटतो. हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. नवव्या वर्षी मला तो एकच सूर पुन्हा पुन्हा वाटत होता. यात दोष सुराचा नव्हता, तसा माझाही नव्हता. मुदत पुरी झाली नव्हती, इतकंच.

दोषही सांगायला हवेत, नाहीतर ही समीक्षा न होता सत्कार होईल. एक : बड्या ख्यालातले शब्द नीट हाती लागत नाहीत. बंदिशीत सूर साधण्याचा उपदेश आहे, हे मला कुणीतरी सांगितल्यावर कळलं. दोन : एल.पी.ची एक बाजू म्हणजे वीस-बावीस मिनिटं. आपल्याला ती लांब वाटते, पण एक राग मैफलीत मनसोक्त गाणाऱ्या बाईंना ती एवढीशीच. मध्यलय रंगात येते तोच सुई आतल्या गोलाला लागते. आणि तिसरा दोष रेकॉर्डचा नाही, आमचा. दुसऱ्या बाजूला बागेश्री आहे. तितकीच मोठी, विरहानं भरलेली, रात्र चढल्यावर ऐकायची. पण भूपाच्या प्रेमिकांनी तिला सावत्र लेकीसारखं वागवलं. आमच्या घरी भूपाची बाजू घासून पांढरी झाली आणि बागेश्री अजून कोरी चमकते.

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी म्हाताऱ्यांची हौस. तसं मुळीच नाही. माझा भाचा पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. तो मागच्या दिवाळीत आला तो कानात बोंडं घालून. मी विचारलं, काय ऐकतोस? म्हणाला, "मामा, तुम्हाला नाही झेपायचं." आव्हान दिल्यावर ऐकावंच लागलं. 'येस' नावाची एक इंग्लिश मंडळी. १९७३ साली त्यांनी एक जोड-रेकॉर्ड काढली, 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'. दोन एल.पी., चार बाजू, आणि एका बाजूला एकच गाणं. असली चार गाणी मिळून सुमारे ऐंशी मिनिटं. याला म्हणे प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. आणि याचं मूळ कुठं, तर आपल्याकडे! त्यांचा गायक जॉन अँडरसन याच्या हाती परमहंस योगानंदांचं 'योगी कथामृत' पडलं. त्यातल्या एका तळटीपेत शास्त्रांचे चार प्रकार दिलेत, श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र. गड्यानं त्या टिपेवर चार बाजू भरल्या. आपण जन्मभर तळटीप न वाचता पान उलटणारी माणसं. आपल्याला याची कल्पना यायची नाही.

रेकॉर्ड इंग्लंडात विक्रीच्या यादीत पहिली आली आणि समीक्षकांनी तिच्यावर टीकेची झोड उठवली. त्यांचा पेटीवाला, म्हणजे की-बोर्डवाला, रिक वेकमन, याला स्वतःलाच ती पटेना. मँचेस्टरच्या कार्यक्रमात वाजवायला फारसं काही नाही म्हणून या गृहस्थानं रंगमंचावर बसून चक्क हिंदुस्थानी जेवण जेवलं, विंदालू आणि पापडासकट. ही हकीकत तो पुढे स्वतःच मिटक्या मारीत सांगत असे. १९७४ मध्ये त्यानं मंडळी सोडली. म्हणजे हिंदुस्थानी शास्त्रांनी सुरू केलेलं काम हिंदुस्थानी रश्शानं संपवलं. आमच्या रविवारी घोरणारे काका होते, त्यांच्याकडे जेवणारा होता. बाकी सगळं तेच. भाचा म्हणाला, "मामा, पहिल्या दहा वेळा काही कळत नाही. अकराव्या वेळी एकदम दार उघडतं." मी पाच वेळा ऐकली. सहा शिल्लक आहेत. पण त्याच्या डोळ्यांत मला रविवारचे बाबा दिसले, म्हणून मी त्याला हसलो नाही.

हसली ती आमची सौभाग्यवती. फोनवर म्हणाली, "यात कोडं कसलं? तुम्हा लोकांनी इतका वेळ घातलाय की आता आवडत नाही म्हणायची सोय उरली नाही. बुडीत कर्जावर आणखी कर्ज देता ना, तसंच." ती बँकेत नाही, तरी असं बोलते, असती तर आमचं काही खरं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण तिचं म्हणणं खरं असेल, तर बाबा वीस वर्षं स्वतःला फसवत होते आणि आता मी तेच खातं माझ्या नावावर करून घेतलं होतं.

उत्तर मिळालं ते आमच्या शाखेच्या दप्तरीकडून. सडक अर्जुनी ही झाडीपट्टीत मोडते. इथं दिवाळी झाली, भाऊबीज उरकली, की गावोगाव मंडई आणि नाटकं सुरू होतात. वडसा हे या झाडीपट्टी रंगभूमीचं मुख्य ठाणं, तिथून कंपन्या निघतात. नाटक रात्री जेवणं झाल्यावर सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे सांगितलं की तो विचारतो, "मध्यंतर किती वेळा?" तर दप्तरीभाऊ मला असल्या एका नाटकाला घेऊन गेले. शेतातला मंडप, खाली ताडपत्री, त्यावर आम्ही घोंगड्या पांघरून. थंडी अशी की माझे दात तीनतालात वाजू लागले. सुरुवातीला नांदी झाली, गाणी झाली, एका पात्रानं ओळख करून द्यायलाच पाऊण तास घेतला. बाराच्या सुमाराला मी हळूच म्हटलं, "निघायचं का? शेवट काय होणार ते कळलंय मला. थोरला भाऊ धाकट्याला घराबाहेर काढणार, आणि मग पस्तावणार."

दप्तरीभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कोऱ्या चेकवर पैसे मागितले. म्हणाले, "साहेब, का होनार हाये ते तं सगळ्याइले मालूम हाये. पन रातभर त्या घरात बसलो नाय, तं सकायी घर मोडल्यावर रडू कसं येईन?"

मी बसलो. पहाटे धाकटा भाऊ घराबाहेर पडला तेव्हा मंडपातल्या बायका पदर डोळ्यांना लावत होत्या, दप्तरीभाऊ घोंगडीत नाक पुसत होते, आणि बी.कॉम. सेकंड क्लास यांचाही चष्मा ओला झाला. शेवट मला माहीत होता, अगदी तसाच झाला. पण माहीत असणं वेगळं आणि रात्रभर त्या घरात राहिलेलं असणं वेगळं. बायकोच्या बुडीत कर्जाचा हिशेब इथं चुकत होता. बुडीत कर्जात घातलेलं परत येत नाही, म्हणून आपण ते लपवतो. इथं घातलेली रात्र पहाटे व्याजासकट हातात पडत होती, आणि कुणी काही लपवत नव्हतं. सगळे उघड रडत होते.

दुसऱ्या दिवशी, जागरणानं डोळे चुरचुरत असताना, मी खोलीवर मोबाइलमध्ये तो भूप लावला आणि प्रथमच समीक्षकासारखा ऐकला. 'सहेला रे' हे तसं मित्राला घातलेलं बोलावणं आहे. ये, मिळून गाऊ, आणि एकदा भेटलोच आहोत तर आता ताटातूट नको, असा त्याचा साधा भाव. सरळ तिथूनच ऐकलं, तर एक गोड गाणं, मोबाइलच्या घंटीला लावण्याजोगं. पुष्कळांनी लावलंही आहे. पण त्याआधी जर तुम्ही त्या पाच स्वरांच्या घरात बसला असाल, गंधाराच्या ओट्यावर ताटकळला असाल, तर मग हाक येते तेव्हा ती ऐकू येत नाही, ती आपल्याला मारलेली असते. वाट पाहिलीच नाही तर भेट कसली? नुसता परिचय होईल. किशोरीताईंनी बड्या ख्यालात दुसरं काही केलेलं नाही, आपल्याला वाट पाहायला लावलं आहे. त्यांच्या मैफलीत कुणी कुजबुजलं तर त्या खपवून घेत नसत, ते तुसडेपणानं नव्हे, असं मला आता वाटतं. तरुणपणी काही काळ त्यांचा स्वतःचा आवाजच गेला होता. सुराची वाट पाहणं म्हणजे काय ते त्या बाईला आपल्यापेक्षा जास्त माहीत होतं.

अवघड गोष्टीवर माणसं जन्मभर प्रेम करतात ती ती अवघड असते म्हणून नव्हे. सोप्या गोष्टीत आपण गिऱ्हाईक असतो. पैसे दिले, माल घेतला. अवघड गोष्टीत आपला भाग असतो. आपण वेळ भरला नाही तर ती पुरीच होत नाही. ही मुदत ठेव आहे. मधेच मोडलीत तर व्याज कापलं जातं, आणि त्यात बँकेचा दोष नाही.

एक नोंद राहिली. २०१७ च्या ३ एप्रिलला, सोमवारी रात्री, किशोरीताई मुंबईत गेल्या. मंगळवारी संध्याकाळी बाबांनी रेकॉर्ड काढली. रविवार नसताना ती लागल्याची माझ्या आठवणीतली ही एकच वेळ. तीन मित्रांपैकी एकच उरले होते, घोरणारे. ते आले आणि त्या दिवशी जागे राहिले. बडा ख्याल संपत आला. मी बाबांकडे पाहत होतो. 'टक्' झालं, सुई उडाली. बाबा गायले नाहीत. ती जागा तशीच मोकळी जाऊ दिली. पुढच्या वर्षी तेही गेले.

मोबाइलमधला भूप स्वच्छ आहे. त्यात 'टक्' नाही. ज्या जागी लहानपणापासून मी बाबांचा ठप्प आवाज ऐकला तिथं किशोरी आमोणकर, साक्षात गानसरस्वती, अतिशय सुंदर गातात. लाखांत एक अशी ती जागा आहे. आणि मला दर वेळी वाटतं, काहीतरी चुकलं. हे कुठल्याही जाणकाराला सांगण्याजोगं नाही, म्हणून छापून टाकतो आहे.

परवा दप्तरीभाऊ धानाचे पैसे जमा झाल्याच्या याद्या घेऊन खोलीवर आले, तेव्हा भूप चालू होता. ते खाली बसले. पूर्ण बाजू ऐकली, मान न हलवता. शेवटी म्हणाले, "हे बाई लवकर मुद्द्यावर येत नाय साहेब. पन आली, तं मंग जात नाय." माझ्या या सगळ्या लिखाणापेक्षा ही समीक्षा बरी आहे, हे मी मान्य करतो.

त्या संध्याकाळी नेमका 'सहेला' उगवायच्या वेळेलाच सडकेवरून एक ट्रक गेला. हॉर्न असा लांबलचक की बाईंची ओळीची सुरुवात त्यात बुडाली. सगळे मिळून पाचएक सेकंद. दप्तरीभाऊ समोर होते, मला लाज वाटायला हवी होती. पण तेवढा भाग मी म्हणून घेतला.

आवाज माझाही ठप्पच आहे.